पॅरिसच्या बाईची किंमत

संभाजीनगरला लोक वेरूळ-अजिंठ्यासाठी जातात. मी गेलो एका फ्रेंच बाईला बघायला. बाई कागदावरची होती, वय सव्वाशेच्या आसपास, आणि तिची किंमत ठरवून द्यायची होती.

जुन्या छापचित्रांची किंमत ठरवणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. पुण्यात मी हे सांगितलं की माणसं "अरे वा" म्हणतात आणि विषय बदलतात. त्याआधी जन्मभर मी कला महाविद्यालयात मुलांना तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडे कसे काढायचे ते शिकवलं. त्यामुळे ओरखडा बघितला की माझ्यात उगाच एक प्रकारचा अधिकार संचारतो. बायको त्याला दुसरा शब्द वापरते.

एके दिवशी फोन आला. "मी सुधाकर खरात बोलतोय. निवृत्त शिक्षक. आमच्याकडं एक चित्र आहे. जुनं. बाईचं." मागोमाग त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. फ्रेमच्या काचेत ट्यूबलाइट दिसत होती, सरांचं बोट दिसत होतं, आणि त्या दोघांच्या मधून ती बाई दिसत होती. पिसांची अवाढव्य टोपी, गळ्याशी फर, मान किंचित तिरकी. जगातला कुठलाही शिंपी आपल्या योग्यतेचा नाही असा चेहरा. टोपीखालचा काळा रंग मखमलीसारखा होता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

ही मखमल काय असते ते सांगायला हवं, नाहीतर माझं उठून उभं राहणं वेडेपणाचं वाटेल. या प्रकाराला ड्रायपॉइंट म्हणतात. टोकदार सुईनं तांब्यावर रेघ ओढायची. शेतात नांगर फिरला की सरीच्या कडेला माती वर येते, तशी रेघेच्या कडेला तांब्याची बारीक कड वर येते. शाई त्या कडेत अडकते आणि कागदावर मऊ, दाट उतरते. पण प्रत्येक छापाला ती कड दबते, झिजते. पहिल्या थोड्या प्रती मखमली, नंतरच्या सगळ्या नुसत्या रेघा. ही प्रत पहिल्या थोड्यांतली होती. खाली पेन्सिलनं सही होती, आणि ती ज्याची होती त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण पुढं जे झालं ते वाचून त्याच्या चाहत्यांना त्रास होईल.

"किंमत लिहून देईन," मी फोनवर म्हणालो.

"किमतीचं बघू. हे काय आहे, कुणाचं आहे, ते लेखी द्याल का?"

"देतो की. मी येतोच. तेवढं फ्रेममधून काढून ठेवा, मला मागची बाजू बघायची असते. आणि कागद जपा. फार जपा."

शेवटची दोन वाक्यं मी जरा दरडावूनच म्हणालो. वाचकांनी ती लक्षात ठेवावीत. मला तर ती विसरता येत नाहीत.

छावणीच्या पलीकडे

गाडीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर होतं, वाहकाच्या तोंडी संभाजीनगर, शेजारच्या म्हाताऱ्याच्या तोंडी औरंगाबाद. आम्ही तिघं एकाच ठिकाणी उतरलो. रिक्षावाल्याला छावणीपलीकडचा पत्ता सांगितल्यावर त्यानं मान हलवली. "उधर आज पानी का दिन है साब. गल्ली के अंदर नै आता मैं."

पाण्याचा दिवस म्हणजे काय ते गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर कळलं. पुण्यात एक दिवस नळाला पाणी आलं नाही तर आम्ही वर्तमानपत्राला पत्र लिहितो. इथं पाणी आलं की लोक कामावर रजा टाकतात. गल्लीभर निळे ड्रम, पाइप, मोटारींची घरघर. सणासारखी धांदल होती, फक्त कुणी नटलेलं नव्हतं.

सरांचं घर शेवटून दुसरं. शेवटचं घर त्याला चिकटून, मधली भिंत एकच. सर दारात उभे होते. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट, खिशाला पेन. शाळेतून घरी आलेच नसावेत असे. "जय भीम, सर. या. पाणी आलंय, जरा बसा." त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई एका हातानं पाइप धरून दुसऱ्या हातानं मला खुर्ची दाखवत होत्या. मी बुद्धाच्या मूर्तीसमोरच्या खुर्चीत बसलो आणि अर्धा तास पाणी भरणं बघितलं. मग चहा आला. मराठवाड्याचा चहा साखर विरघळायची थांबेपर्यंत गोड असतो. मी "छान" म्हणालो आणि दुसरा कप आला.

शेवटी सरांनी कपाटातून शालीत गुंडाळलेलं काहीतरी आणलं. मी पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढले आणि सावकाश चढवले. हे मी मुद्दाम सावकाश करतो, त्यानं माणसांवर छाप पडते. दोघं नवरा-बायको अदबीनं बघत होते. सरांनी शाल उलगडली आणि चित्र माझ्या हातमोज्यांवर ठेवलं.

ते सटकलं.

कागद हातमोज्यावरून सटकत नाही. प्लॅस्टिक सटकतं. मी ते मांडीवर झेललं. पॅरिसची बाई चकचकीत झाली होती. चारी बाजूंनी बोटभर पारदर्शक पट्टी, गोल कापलेले कोपरे, आणि डाव्या गालावर हवेचा एक फुगा.

"हे... काय केलंत?"

"लॅमिनेशन," सर म्हणाले. "क्रांती चौकातनं करून आणलं. तुम्हीच म्हणालात ना, कागद जपा."

ते यंत्र कागदाला दोन तापलेल्या रुळांमधून काढतं. मखमल चेपली गेली होती. तांब्याच्या पत्र्याचा कागदावर उमटलेला दाब, ज्यावरून अस्सल ओळखायचं, तो इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता.

"मोठ्या पाकिटात बी बसंना," सर पुढं सांगत होते. "मग वरनं आणि बाजूनं पांढरं थोडं कापलं. खालचं नाही कापू दिलं. सही आहे ना तिथं. सहीशिवाय कागदाला काय अर्थ?"

मग त्यांनी मला एक जाडजूड फाइल दाखवली. दहावीची गुणपत्रिका, शिक्षकाची पदविका, जातीचा दाखला, नेमणुकीचा आदेश, शकुंतलाबाईंचे तेच सगळे कागद, रद्द झालेलं रेशनकार्ड, मुलीच्या पहिल्या नंबराचं प्रमाणपत्र. सगळं लॅमिनेट केलेलं. "आमच्यात कागद गेला की माणूस गेला, सर. एका दाखल्यापायी मी दोन वर्षं तहसीलला खेटे घातलेत." ते ज्या मायेनं पानं उलटत होते ती बघून मला ओरडता येईना. आपल्याकडच्या सर्वांत मौल्यवान वस्तूंचं जे करतात तेच त्यांनी माझ्या बाईचं केलं होतं. त्यात माझीच आज्ञा पाळली होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "मोटर बंद कर रे मास्तर, आमच्याकडं थेंब यीना! आन् पाव्हण्याला दावलं का चोरीचं?"

शकुंतलाबाई उठून मोटार बंद करायला गेल्या. सरांनी फाइल मिटली.

"भाऊराव," ते म्हणाले. "माझा चुलतभाऊ. थोरला. रिक्षा चालवायचा. हे चित्र माझ्या बाबांनी एका फ्रेंच बाईच्या सामानातनं चोरलं, असं म्हणतो. पाण्यावरनं भांडण झालं तरी म्हणतो, कचऱ्यावरनं झालं तरी म्हणतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांच्या देखत म्हणाला." ते थांबले. "बाबा सांगायचे, बाईनं दिलं. मला एक लेखी कागद पाहिजे. काय खरं ते एकदा होऊन जाऊ द्या."

मला खरं तर त्याच वेळी चित्र उलटून बघायला हवं होतं. पण धक्क्यानं माझी बुद्धी चालत नव्हती. मी एवढंच म्हणालो, "सर, किमतीचं सांगतो. चार दिवसांपूर्वी याच्या पैशात बरी चारचाकी आली असती. आता ही पाटी आहे."

ते इतक्या शांतपणे "बरं" म्हणाले की मला राग आला. मी चित्राला हात घातला तर त्यांनी ते हलकेच काढून घेतलं आणि शालीत गुंडाळलं. "मागची बाजू परवा बघा. उद्या लेणी. आमच्या इथं येऊन अजिंठा न बघता कुणी जात नाही."

त्या संध्याकाळी शहरात जाऊन मी नान-खलिया खाल्ला. थाळीएवढा पिवळसर नान आणि वर तेलाचा तवंग असलेला मटणाचा रस्सा. शेजारचा माणूस म्हणाला, "ये फौज का खाना है, पचता सबको नै." मला पचला. अपचन सकाळपासूनचं होतं, ते वेगळ्या कारणानं. खोलीवर येऊन मी माझ्या लेटरहेडवर 'मूल्य' हा शब्द लिहिला, पुढे बराच वेळ काही सुचलं नाही, मग झोपलो.

अजिंठा

सकाळी सर ओळखीच्या एकाची गाडी घेऊन आले. सिल्लोडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका उभा होता आणि मधूनच एखादा पळस भडकलेला. एका ठिकाणी धनगरांच्या मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या. आमचा चालक हॉर्न न वाजवता थांबला. पुण्यात आम्ही मेंढीलाही हॉर्न वाजवतो, ती नसली तरी.

अजिंठा गावात सरांनी गाडी उभी करायला लावली आणि वस्तीच्या कडेला एक मोकळी जागा दाखवली. "इथं आमचं घर व्हतं." घराचं काही उरलेलं नव्हतं. एक लिंबाचं झाड होतं, त्याला म्हैस बांधलेली. तिथंच उभ्यानं शकुंतलाबाईंनी दिलेले धपाटे दह्याशी खाल्ले. "आमच्याकडे याला थालीपीठ म्हणतात," मी म्हणालो. "थालीपीठ वेगळं," सर म्हणाले, आणि विषय संपला. धपाटा पातळ होता, तिखट होता, आणि थालीपिठापेक्षा चांगला होता. हे मी घरी बोलणार नाही.

घाट उतरून फर्दापूरच्या अंगानं लेण्यांकडे जाताना एका खडेविक्यानं मला गाठलं. स्फटिकाचा एक खडा त्यानं हातात कोंबला. "गिफ्ट आहे सर, फ्री." "कशाबद्दल?" "परत येताना माझ्याच दुकानात या." मी त्याला खड्याची खरी किंमत सांगितली. व्यवसायाची खोड. तो दुखावून म्हणाला, "तुम्ही किंमतच सांगता का फक्त, घेत काहीच न्हाई?" सर पहिल्यांदाच हसले.

वर घोड्याच्या नालेच्या आकाराचा कडा, खाली वाघूर नदीचं कोरडं पात्र. एका लेण्याच्या ओट्यावर सर थांबले आणि पायानं फरशीवर जागा दाखवली.

"इथं उभे राहायचे नामदेवकाका. भाऊरावचे वडील. आरसा घेऊन."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. एक फ्रेंच बाई भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला आली आणि फर्दापूरच्या डाक बंगल्यात राहिली. लेण्यात अंधार. दिवा लावला तर रंगावर काजळी धरते. म्हणून बाहेर एकानं मोठा आरसा धरायचा आणि ऊन आत फेकायचं. आत दुसऱ्यानं पांढरं धोतर ताणून ते ऊन त्याच्यावर घ्यायचं आणि भिंतीवर पसरवायचं. सूर्य सरकला की दोघांनी सरकायचं. बाहेर उन्हात थोरला भाऊ नामदेव. आत सावलीत धाकटा किसन, म्हणजे सरांचे वडील.

"दोन हिवाळे," सर म्हणाले. "गावाला आमच्या सावलीचा विटाळ व्हता. बाईला आमच्या हातचं ऊन चालायचं."

"मग चित्र?"

"बाई जायच्या वेळी काका तापानं पडले होते. बाबा एकटेच सामान घेऊन जळगाव स्टेशनला गेले. येताना चित्र घेऊन आले. काकांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासनं बाबांशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. चोर हा शब्द भाऊरावचा."

आत शिरलो. मंद दिवे, गर्दी, भिंतीवर काळपट डाग. खरं सांगायचं तर मला काही दिसत नव्हतं, आणि मी त्या विषयातला जाणकार म्हणवतो. सर बाहेर गेले. मला वाटलं पाणी प्यायला. एकाएकी भिंतीवर उन्हाचा एक थरथरता तुकडा आला, सरकला, आणि एका बाईच्या चेहऱ्यावर येऊन ठरला. झुकलेले डोळे, ओठ, कानातलं मोत्यांचं लेणं. ती सगळी माझ्याकडं आली. काल प्लॅस्टिकमध्ये गेलेली माझी बाई त्या क्षणी मी साफ विसरलो.

"ओ काका! ते नाय करायचं इथं!"

रखवालदार ओरडला, ऊन गेलं. बाहेर सत्तरीचे सर हातात धपाट्यांच्या डब्याचं झाकण धरून उभे होते आणि रखवालदार त्यांना नियम सांगत होता. ते मान खाली घालून ऐकत होते. इतकी वर्षं त्यांनी मुलांना ज्या पद्धतीनं ऐकायला लावलं असेल, अगदी तसंच.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "एवढं जड नाही झाकण. तरी हात भरून आला." मी विचारलं, मागची बाजू उद्या नक्की ना? त्यांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

मागची बाजू

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी टेबल मांडलेलं होतं. शकुंतलाबाई चहा ठेवून गेल्या नाहीत, तिथंच बसल्या. सरांनी शाल उलगडली आणि चित्र स्वतःच पालथं घातलं. मी यावेळी हातमोजे घातले नाहीत. प्लॅस्टिकला काय हातमोजे.

प्लॅस्टिकच्या चकाकीत आधी काही दिसेना. कलतं धरलं तेव्हा पेन्सिलच्या दोन ओळी उजळल्या. फिकट, एकमेकींना धरून चाललेली अक्षरं. माझं फ्रेंच फार नाही. चित्रांच्या पाठीवर माणसं जे खरडतात तेवढं मला वाचता येतं, कारण जन्मभर तेच वाचलं. भिंग लावलं. पहिलाच शब्द नाव होतं.

मी थांबलो. पुढच्या ओळी वाचून काढल्या, पुन्हा वाचल्या, आणि भिंग डोळ्याला तसंच धरून बसलो. खोटं कशाला सांगू, मनात आलं की नाव बदलून वाचावं. या घरात फ्रेंच कुणाला येत होतं? एक शब्द इकडचा तिकडे केला की एक म्हातारा माणूस सुखानं मरेल, आणि मी दुपारच्या गाडीनं पुण्याला जाईन. किमतीच्या बाबतीत असली तडजोड मी कधी केली नव्हती. पण इथं किंमत उरलीच कुठं होती?

"वाचा, सर," सुधाकर सर म्हणाले. "नाव मला वाचता आलंय."

मी भिंग खाली ठेवलं.

"दुकानात फ्रेम उघडली तेव्हाच दिसलं. पोरगा म्हणाला, मागं पेन्सिलचं काहीतरी आहे, खोडून देतो, स्वच्छ दिसंल. खोडरबर त्याच्या हातात व्हतं. मी व्हय म्हणणार व्हतो." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "मग त्याला म्हटलं, राहू दे. आधी मशीनमधी घाल. दोन्ही बाजूंनी पक्कं कर. म्हटलं, हे उघडं घरी नेलं तर रात्री मीच खोडंल."

मला माझे हातमोजे आठवले आणि लाज वाटली. या माणसाला मी दोन दिवस भोळा, खेडवळ, कागदाचं कौतुक असलेला मास्तर समजत होतो. मनातल्या मनात हा किस्सा पुण्यात कसा सांगायचा त्याची जुळवाजुळव करत होतो. त्यानं चारचाकी घालवली होती ती अज्ञानानं नव्हे. किमतीचं सगळं त्याला ठाऊक नव्हतं हे खरं, पण ठाऊक असतं तरी त्यानं तेच केलं असतं, असं मला त्याच्याकडे बघून वाटलं.

"मग मला कशाला येऊ दिलंत? फोन करून नको म्हणायचं."

"नावापुढचं कळंना," सर म्हणाले. "वाटलं, 'नामदेवला देऊ नये' असं बी असंल."

शकुंतलाबाई हसल्या आणि लगेच पदरानं डोळे पुसले. "दोन रात्री झोपले नाहीत," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही वाचा भाऊ. काय असंल ते असंल."

मी वाचलं. "नामदेवला. दोन हिवाळे ज्यानं मला ऊन आणून दिलं, त्याला माझ्या आईचं हे चित्र."

ती टोपीवाली बाई म्हणजे त्या बाईची आई होती. स्वतःच्या आईचं चित्र ती समुद्रापलीकडून बरोबर घेऊन आली होती आणि आजारी पडलेल्या आरसेवाल्यासाठी ठेवून गेली. ते पोचवायचं काम धाकट्या भावावर सोपवलं होतं. तो जळगावहून निघाला आणि कुठंतरी वाटेत चित्र त्याचं झालं.

"बाबा आत उभे राहायचे," सर म्हणाले. "बाईच्या जवळ. हात खाली आला की धोतर पडायचं, म्हणून दिवसभर हात वर. त्यांना वाटलं असंल, मी पण धरलंच की." मग ते उठले, चित्र काखेत घेतलं आणि चपला घातल्या. "चला."

पलीकडचं दार

भाऊराव बनियनवर बसून पाण्याची मोटार उघडून साफ करत होते. अंगानं भरलेले, मिशा पांढऱ्या. आम्हाला दारात बघून त्यांचा पाना हातातच राहिला. बहुतेक त्यांना वाटलं, मोटारीवरनं भांडायला आलो.

सर उंबऱ्यातच उभे राहून एका दमात बोलले, शाळेत निकाल वाचतात तसं. "हे चित्र बाईनं नामदेवकाकांना दिलं व्हतं. मागं लिहिलंय. बाबांनी आणून दिलं नाही, ठेवून घेतलं. तुम्ही बरोबर बोलत व्हता."

भाऊराव चित्राकडे बघेनात, सरांकडे बघत राहिले. "मी कुठलं बरोबर बोलतोय," ते म्हणाले. "मी आपलं भांडणात बोलायचो. मला काय म्हाईत?"

मग त्यांनी हात पुसला, चित्र घेतलं, फुगा आलेल्या गालावरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "काय किंमत याची?"

"आता काही नाही."

"व्हती का कधी?"

"गेल्या आठवड्यात होती. बरीच."

भाऊरावांनी सरांकडे मान वळवली. "मंग आत्ताच आणून दिलं व्हय?"

"व्हय," सर म्हणाले. त्यांनी खुलासा केला नाही. खोडरबराचंही सांगितलं नाही. मी तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

भाऊरावांनी चित्र उलटं केलं. "कुठं हाय नाव?" मी बोट ठेवलं. "वाचा." मी वाचलं. "परत वाचा." परत वाचलं. तिसऱ्या वेळी त्यांनी फक्त पहिला शब्द वाचायला सांगितला. मी 'नामदेव' म्हणालो आणि ते मोटारीशेजारी खाली बसले.

बऱ्याच वेळानं त्यांनी आत हाक मारून खिळा आणि हातोडी मागवली. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी खिळा ठोकला. सरांनी चित्र खालून आधार देऊन धरलं. वरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला भोक पाडून भाऊरावांनी ते अडकवलं, आणि दोघंही मागं सरकले. चित्राची पाठ आमच्याकडे होती. पॅरिसमधल्या एका नामांकित हातानं काढलेली ती टोपी, ती फर, ती मान, सगळं चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून होतं.

"अहो, उलटं लागलंय," मी म्हणालो. माझ्यातला जाणकार कधी गप्प बसत नाही.

"सुलट हाय," भाऊराव म्हणाले. "बाई कशी दिसायची त्याचं आम्ही काय करावं? माझ्या बापाचं नाव कुठल्या कागदावर नाय. शाळा नाय, सातबारा नाय, फोटो नाय. सगळीकडं आंगठा. मेला तवा म्युनिसिपालटीनं बी नाव चुकवलं." त्यांनी पेन्सिलच्या त्या फिकट ओळींकडे बोट दाखवलं. "ह्या बाईनं नीट लिहिलं."

माझं लेटरहेड पिशवीतच राहिलं. त्यावर 'मूल्य' या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे.

सर खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवत होते. ते भिंतीसमोरच्या खाटेवर जाऊन बसले, मान वर केली, खाली केली, डोळे बारीक केले. आपल्या बापाचं नाव जिथं नव्हतं ते सगळं त्यांनी सावकाश वाचून घेतलं.

"खिळा जरा खाली घ्या, दादा," ते म्हणाले. "बसल्यावर वाचता आलं पाहिजे."

भाऊरावांनी खिळा उपटला आणि वीतभर खाली ठोकला.